सुरना, दमन आणि पंगतीचं शेवटचं टोक

गेल्या वेळी वाळवंटात होतो, आज वर जाऊ. लेहला.

लेहला पोस्टिंग आली की पहिले सहा दिवस माणसाला काही काम नसतं. तसा नियमच आहे. विमानातून थेट साडेअकरा हजार फुटांवर उतरलेल्या गड्यानं आधी दोन दिवस पडून राहायचं, मग थोडं थोडं चालायचं. हवेचा दाब खालच्या मानानं दोन तृतीयांशाच्या आसपास. बुटाची नाडी बांधायला वाकलो तरी धाप लागायची. मी तेव्हा नायब सुभेदार होतो, साल २००७. आयुष्यभर पळालेला माणूस, आणि इथं जिना चढताना मध्ये थांबून उगाच डोंगर बघत असल्याचं नाटक करायचो.

हे आधी सांगतोय, कारण त्याच हिवाळ्यात एक सत्तरीचा म्हातारा मी पाहिला. तोंडात सनईसारखं वाद्य धरून, उघड्या अंगणात, गोठवणाऱ्या थंडीत, तो अर्धा अर्धा तास वाजवत होता आणि सूर एकदाही तुटत नव्हता. माझी धाप आणि त्याचा श्वास, हा फरक माझ्या डोक्यातून आजवर गेलेला नाही.

आमच्याबरोबर काम करणारा एक लडाखी हवालदार होता. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, सिंधूकाठच्या एका गावात. ‘साब, आना पड़ेगा’ असं तीनदा म्हणाला, म्हणून सीओ साहेबांची परवानगी काढून आम्ही दोघं-तिघं गेलो. लडाखात लग्नं बरीचशी हिवाळ्यात होतात. शेतं गोठलेली असतात, हातांना काम नसतं. नवरदेवाकडची माणसं, त्यांना न्योपा म्हणतात, नटूनथटून नवरीच्या दारात येतात, आणि दार उघडण्याआधी त्यांना गाण्यातून कोडी घालतात. उत्तरंही गाण्यातूनच द्यायची. आपल्याकडच्या उखाण्यांचे हे थोरले भाऊ म्हणा.

पण गाण्याच्याही आधी वाजंत्री. ती येईपर्यंत कुणीच हलत नव्हतं. नवरदेव तयार, घोडा तयार, गुरगुर चहाचे तीन तीन प्याले झालेले, तरी सगळे वाट बघत उभे. मग तिघं जण आले. एकाच्या हातात सुरना, दोघांच्या पुढ्यात दमनच्या जोड्या. (आपल्या ‘दमन’ या शब्दाशी त्याचा काही संबंध नाही, पण कानाला खटकतो खरा.) दमन म्हणजे छोटे नगारे. धातूचं भांडं, वर कातडं, एक चढ्या आवाजाचा, एक खालच्या, आणि दोन बारीक काठ्या. कातडं थंडीनं उतरलं होतं म्हणून त्यांनी ते आधी शेगडीपाशी धरून शेकलं. एकानं बोट मारून बघितलं, मान हलवली, पुन्हा शेकलं. मग सुरू झालं.

मला डोळे मिटून आमच्या गावात असल्यासारखं वाटलं. सनई आणि संबळ, दुसरं काय! सूर वेगळे, चाल वेगळी, पण नळीतून निघणारा तो अनुनासिक, दूरवर जाणारा आवाज आणि खाली जोडनगाऱ्याचा ठेका, ही जोडी मी जन्मापासून ऐकत आलो होतो.

आता थोडा इतिहास सांगतो.

‘सुरना’ हा मुळात फारसी शब्द. तुर्कस्तानात त्याची झुर्ना होते, आपल्याकडे शहनाई-सनई ही त्याच घराण्यातली. नगारा हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला. लडाखचा दमन म्हणजे ‘दमामा’, आणि दमामा आपल्या जुन्या मराठीतही आहे. अबुल फजलच्या ‘आइन-इ-अकबरी’त बादशाही नगारखान्याचं वर्णन आहे. त्यात दमामा, नगारा, कर्णा, सुरना ही सगळी नावं एका ठिकाणी भेटतात, आणि अकबर स्वतः नगारा उत्तम वाजवायचा असंही त्यानं लिहून ठेवलंय. नगारखाना हे राजेपणाचं चिन्ह होतं. ज्याच्या दारात नगारा वाजतो तो राजा. रायगडावर राजसदरेसमोर नगारखान्याचा दरवाजा उगाच नाही बांधलेला. हीच रीत इराणाकडून काश्मीर-बाल्टिस्तानमार्गे हिमालयातल्या छोट्या छोट्या दरबारांत पोचली.

लडाखात ती कशी आली याची गोष्ट फौजी माणसाला आवडेल अशी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लेहच्या गादीवर जमयांग नामग्याल नावाचा राजा होता. त्याला बाल्टिस्तानवर स्वारी करायची होती. ज्योतिषांनी सांगितलं, नव्या वर्षाआधी निघू नका. राजाला धीर निघेना. त्यानं नवं वर्षच अलीकडे ओढलं. लोसार दोन महिने आधी साजरा करून टाकला आणि फौज घेऊन निघाला. तेव्हापासून लडाखचा लोसार तिबेटच्या आधी, डिसेंबरच्या सुमारास येतो, असं लोक सांगतात. घाईनं काढलेल्या मोहिमेचं जे व्हायचं तेच झालं. स्कर्दूचा राजा अली मीर, ज्याला बाल्टी लोक अली शेर खान अंचन म्हणतात, त्यानं जमयांगचा साफ पराभव केला आणि त्याला कैद करून नेलं. मुहूर्त बदलता येतो, रसदीची वाट बदलता येत नाही.

कैदेतल्या राजाचं पुढे अली मीरच्या मुलीशी, ग्याल खातूनशी लग्न झालं आणि तो राणीसह परत लेहला आला. मुसलमान राजकन्या बौद्ध राज्याची राणी झाली. लोकांनी तिला श्वेततारेचा अवतार मानलं, म्हणजे दोन्ही बाजूंची अडचण मिटली. तिचा मुलगा सेंगे नामग्याल. लेहच्या डोक्यावर उभा असलेला नऊ मजली राजवाडा त्याच्या नावावर आहे. लेहमध्ये सांगतात, की या राणीबरोबर माहेरचे वाजंत्रीही आले. त्यांना राजवाड्याशी जोडलं गेलं आणि ते खरमोन झाले. ‘खर’ म्हणजे गढी किंवा महाल, आणि मोन ही जमात. म्हणजे महालाचे मोन.

मोन लोकांबद्दल ए. एच. फ्रांके या मोरेव्हियन मिशनऱ्यानं शंभरेक वर्षांपूर्वी बरंच लिहिलंय. त्याच्या मते ते लडाखच्या अगदी जुन्या वस्तीकरांपैकी. झांस्करकडे कुठलीही पडकी गढी किंवा जुना स्तूप दाखवून विचारलं, तर आजही ‘मोन लोकांनी बांधलं’ असं उत्तर मिळतं. सुतारकाम आणि वाजवणं हे त्यांचे दोन धंदे. त्यांच्यासारखेच बेदा. ते संख्येनं फारच थोडे, डफ घेऊन दारोदार फिरणारे. लोहारकाम करणारे गारा हे तिसरे. राजा बाहेर पडला, लामा आला, तिरंदाजीचा खेळ मांडला, पोलो सुरू झाला, की मोन वाजवणार. पूर्वी लेहच्या भर बाजारात पोलो खेळायचे आणि गोल झाला की सुरना-दमनची खास चाल वाजायची. मान्यवरांसाठी आणि देवांसाठी वाजवायच्या चालींना ल्हारंगा म्हणतात. ‘ल्हा’ म्हणजे देव, ‘ङा’ म्हणजे नगारा. देवाचा नगारा!

तर त्या लग्नात देवाचा नगारा वाजला, नवरी आली, आणि जेवणाची वेळ झाली.

लडाखी घरात बसण्याचा क्रम ठरलेला असतो. भिंतीलगत रांगेनं गाद्या, पुढे बुटकी चौरंगासारखी टेबलं. मानाची माणसं वरच्या टोकाला आणि तिथून उतरत्या क्रमानं दारापर्यंत. आम्ही पाहुणे आणि त्यात फौजी, म्हणून आम्हाला पार वर बसवलं, एका लामाजींच्या शेजारी. वाजवणारे तिघं दाराजवळ, रांगेच्या अगदी शेवटी. तिथं गादी नव्हती. छांग वाढायला मुलगी आली तेव्हा म्हाताऱ्यानं अंगरख्याच्या आतून स्वतःची लाकडी वाटी काढली. दुसऱ्या दोघांनीही. मला वाटलं, किती छान रीत आहे, आपापली वाटी बाळगायची. जुन्या काळी लडाखात सगळेच आपली वाटी जवळ ठेवत, हे मी वाचलेलंही होतं. मग माझ्या लक्षात आलं, की खोलीतल्या बाकी सगळ्यांच्या हातात घरच्या वाट्या आहेत.

मी हवालदाराकडे बघितलं. तो ओशाळला. हळूच म्हणाला, ‘साब, वो मोन लोग हैं.’ थोडं थांबून म्हणाला, ‘पुराना रिवाज है. मेरी माँ नहीं मानती.’

मी काही बोललो नाही. बोलायला तोंडच नव्हतं मला. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या गावात १९९४ साली माझं लग्न झालं. दोन दिवस वाजंत्री होती. सनईवाले आजोबा मला लहानपणापासून ओळखायचे. त्यांचं जेवण गोठ्यामागे, सगळ्या पंगती उठल्यावर, वेगळ्या पत्रावळीवर झालं. मी हे पाहिलं होतं. तेव्हा मी शिपाई होतो, युनिटच्या बडाखान्यात सीओ साहेबांच्या शेजारी बसून जेवलेला होतो. तरीही मला त्यात वेगळं काही दिसलं नव्हतं. जवळपास दोन हजार किलोमीटर लांब जाऊन, दुसऱ्याच्या घरात वरच्या टोकाला बसल्यावर दिसलं.

त्या रात्री आणखी एक गोष्ट घडली. माझ्या शेजारचे लामाजी हिंदी चांगलं बोलत होते. गप्पांत कळलं, की ते त्यांच्या गोम्पात ग्यालिंग वाजवतात. ग्यालिंग म्हणजे काय ते मी पुढे हेमिसच्या उत्सवात नीट पाहिलं. लाकडी नळी, सात बोटभोकं, टोकाला धातूचा कर्णा, चांदीचं आणि रंगीत खड्यांचं काम, दोन जणांनी जोडीनं वाजवायची. तोंडाशी दुहेरी पत्ती, तिच्याखाली ओठ टेकवायला चकती. पत्ती अख्खी तोंडात जाते, त्यामुळे ओठांनी आवाज लहान-मोठा करता येत नाही, वाजतं ते पूर्ण जोरानं. आणि सूर अखंड राहतो. सजावट बाजूला ठेवली तर ही सुरनाच झाली.

अखंड सुराची युक्ती दोन्हीकडे एकच. वाजवणारा गाल फुगवून हवा साठवतो. छाती रिकामी होत आली की गाल दाबून ती साठवलेली हवा पत्तीत सोडतो, आणि नेमकं त्याच क्षणी नाकानं नवा श्वास घेतो. लामाजींनी सांगितलं, की लहान भिक्षूंना पाण्यात नळी बुडवून बुडबुडे काढायला लावतात. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून. म्हाताऱ्या मोनला मी नंतर विचारलं तर त्यानंही हेच सांगितलं. फरक इतकाच, की त्याला बापानं ओढ्यावर बसवून शिकवलं होतं.

म्हणजे पत्ती तीच, श्वास तोच, शिकवण्याची तऱ्हाही तीच. एक वाजवणारा माझ्या शेजारी गादीवर, दुसरा दाराशी जमिनीवर. भिक्षूचं वाजवणं ही पूजा, मोनचं वाजवणं हा जन्मानं आलेला धंदा. २०१२ मध्ये लडाखचं बौद्ध मंत्रपठण, ज्यात ही गोम्पातली वाद्यंही येतात, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. आनंदाची गोष्ट आहे, त्या पठणाची जागा तिथंच आहे. सुरना-दमनला मात्र त्या यादीत जागा मिळालेली नाही.

आपल्याकडेही हेच नाही का? देवळातली सनई-चौघडा गुरवाकडे, त्याला गाभाऱ्याजवळ जाता येतं. लग्नातली सनई कुठे होलार वाजवतात, कुठे घडशी, कुठे मांग. त्यांच्या पंगतीचा इतिहास मी सांगायची गरज नाही. वाद्याला जात चिकटत नाही, ती वाजवणाऱ्याच्या हाताला चिकटवली जाते.

म्हाताऱ्याशी माझी ओळख पुढे वाढली. लडाखीत आजोबांना मेमे म्हणतात, मानानं हाक मारायची तर मेमे-ले. बाजारात भेटले की मी ‘जुले, मेमे-ले’ म्हणायचो आणि ते खळखळून हसायचे, माझ्या उच्चाराला. एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. सुरना जर्दाळूच्या लाकडाची होती, आजोबांच्या आजोबांची. कडेला चीर गेली होती, तिथं दोरा गुंडाळून मेण लावलेलं. ‘राजा था तब तक ठीक था,’ ते म्हणाले. राजा स्वतः त्यांनीही पाहिलेला नव्हता. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या डोग्रा फौजेनं लडाख घेतलं, राजघराणं स्टोकला गेलं आणि जहागिरीपुरतं उरलं. ज्या दरबारासाठी खरमोन वाजवत होते तो दरबारच राहिला नाही. मान राजामुळे होता, तो गेला. रिवाज समाजाचा होता, तो राहिला.

पुढे दोन गोष्टी घडल्या. १९७१ मध्ये लेहला आकाशवाणी केंद्र सुरू झालं. रेडिओवर आवाज येतो, वाजवणारा कुठे बसलाय ते दिसत नाही. ज्यांच्या घरची वाटी कुणी वापरत नव्हतं त्यांची सुरना सगळ्या घरांत वाजू लागली. त्याच केंद्रातल्या मोरुप नामग्याल यांनी गावोगाव फिरून लोकगीतं जमवली नसती, तर पुष्कळ गाणी म्हाताऱ्यांबरोबर गेली असती. दुसरी गोष्ट १९८९ ची. अनुसूचित जमातींच्या यादीत लडाखच्या जमाती घेतल्या गेल्या, त्यात मोन, बेदा, गारा आहेत आणि बोट म्हणजे बहुसंख्य बौद्धही आहेत. कागदावर सगळे एकाच पंगतीत बसले.

मेमे-लेंचा नातू मात्र सुरनेला हात लावत नव्हता. तो फौजेत होता, एका युनिटच्या पाइप बँडमध्ये! मशकबीन वाजवायचा. मला हसूच आलं. मशकबीनच्या नळीतही दुहेरीच पत्ती असते, आणि गालाचं काम तिथं काखेतली पिशवी करते. रक्तात आलेली विद्या त्यानं वापरली, फक्त वाद्य बदललं. सुट्टीवर आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, ‘अरे, आजोबांची का नाही शिकत?’

तो म्हणाला, ‘साब, बँड में मैं जवान हूँ. गाँव में सुरना पकड़ूँगा तो मोन हो जाऊँगा.’

मेमे-ले ऐकत होते. काही बोलले नाहीत. सुरना कापडात गुंडाळून त्यांनी वर फळीवर ठेवून दिली.

इथं एक सांगतो. फौजेची बढाई मारायला हे लिहीत नाही. आपल्याकडेही ‘बँडवाला’ हा शब्द कोण कोणत्या सुरात म्हणतो ते आपण सगळे जाणतो. पण लढाई लागली की हेच बँडवाले स्ट्रेचर उचलतात, जखमींना आणतात, आणि लंगरमध्ये त्यांचं ताट वेगळं नसतं. त्या पोराला तेवढं पुरेसं होतं. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटली नाही. पण एका पोराची मान वर झाली आणि त्याच घरातली चारशे वर्षांची चाल फळीवर गेली, हा हिशोब मला अजून नीट मांडता आलेला नाही. वाजवा म्हणणाऱ्या आपल्यासारख्या रसिकांचं काय जातं? वाटी त्यांना काढावी लागते.

२००९ च्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना मेमे-लेंना भेटायला गेलो, तर ते एका रिनपोचेंच्या स्वागताला वाजवायला गेले होते. भेट राहिली. दोन वर्षांनी हवालदाराचा फोन आला, ते गेले म्हणून.

२०१६ मध्ये माझ्या मुलीचं लग्न झालं. घरचे डीजे म्हणत होते, मी सनईवर अडून बसलो. आमच्या गावचे आजोबा केव्हाच गेलेले, त्यांची मुलं पुण्याला कंपनीत. शेवटी पस्तीस किलोमीटरवरच्या गावातून एक सनईवाले आणि एक संबळवाले मिळाले. अक्षता पडल्या आणि पहिली पंगत बसायची वेळ झाली, तेव्हा मी स्वतः त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ‘मामा, चला, माझ्या शेजारी बसायचं.’ सनईवाले हसले. म्हणाले, ‘न्हाई साहेब, तुमी बसा. पोट भरल्यालं आसलं की दम लागत न्हाई. वाजवून झाल्यावं आमी सावकाश बसतू.’

खरंच तसं असतं. भरल्या पोटी फुंकता येत नाही, हे मेमे-लेंनीही मला सांगितलं होतं. पण मामा दमासाठी थांबत होते की सवयीनं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी फार आग्रह केला नाही. मीही जेवलो नाही, पंगतीत वाढत फिरलो. चार वाजता वाजवणं थांबलं, तेव्हा आम्ही तिघं मांडवात एका ओळीत बसलो. जिलेबी संपली होती. बायकोनं घरातून गूळ-तूप आणून वाढलं.